गौताळ्याच्या डोंगरावरचे दोन थेंब



पावसाळा सरला, हवेत गारवा आला की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची शाळा असेल तर दौलताबाद, वेरूळ, पैठण ही नावे ठरलेलीच असतात. ही ठिकाणे पाहावीत अशीच आहेत. पण या वर्षी आपण त्याच रस्त्याने थोडे पुढे जाऊ या.

समजा, तुमची शाळा जालना रस्त्यावरच्या करमाडला आहे. सकाळी लवकर गाडी निघाली, संभाजीनगर मागे पडले, वेरूळचा घाट उतरून गाडी कन्नडला पोहोचली. तेथून उत्तरेकडे वळले की साधारण शंभर किलोमीटरच्या प्रवासानंतर आपण गौताळ्याच्या जंगलात शिरतो. याचे पूर्ण नाव 'गौताळा औट्रमघाट अभयारण्य'. ते १९८६ साली जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे २६१ चौरस किलोमीटर. सातमाळा आणि अजिंठा या डोंगररांगांत, संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर ते पसरले आहे. येथे डोंगर आहेत, दाट झाडी आहे, तळे आहे, धबधबे आहेत आणि वन्य प्राणीही आहेत.

सहलीला जाताना डब्याबरोबर आणखी चार वस्तू घ्या: एक मीटर लांबीची सरळ काठी, मोजपट्टी, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि वही-पेन्सिल. या साध्या साहित्यावर आपल्याला एका प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. प्रश्न असा: या डोंगराच्या माथ्यावर एकमेकांपासून हातभर अंतरावर पावसाचे दोन थेंब पडले, तर पुढे त्यांचे काय होते?

दोन थेंबांच्या दोन वाटा

डोंगराच्या माथ्यावर उभे राहून आधी उत्तरेकडे पाहा. जमीन एकदम तुटल्यासारखी खाली जाते आणि दूरवर खानदेशाचे सपाट मैदान दिसते. त्यात चाळीसगाव आहे. आता मागे वळून दक्षिणेकडे पाहा. इकडे तसा कडा नाही. जमीन हळूहळू, लक्षातही येणार नाही अशा बेताने उतरत जाते.

पहिला थेंब उत्तरेच्या बाजूस पडला. तो ओघळीतून नाल्यात, नाल्यातून तितूर किंवा डोंगरी नदीत जाईल. या नद्यांचे पाणी गिरणेत, गिरणेचे तापीत आणि तापीचे सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. दुसरा थेंब हातभर दक्षिणेला पडला. तो शिवना नदीत जाईल. शिवना गोदावरीला मिळते आणि गोदावरी सारा दख्खन ओलांडून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. निघताना हातभर अंतरावर असलेले दोन थेंब अखेर भारताच्या दोन बाजूंच्या दोन समुद्रांत पोहोचतात!

पाणी असे दोन्हीकडे वाटून देणाऱ्या माथ्याच्या रेषेला भूगोलात 'जलविभाजक' म्हणतात. नकाशात ही रेषा कोणी आखलेली नसते, पण नद्यांच्या उगमांवरून ती तुम्हांला काढता येते. जिल्ह्याचा नकाशा घ्या. वेरूळच्या लेण्यांजवळची येळगंगा शिवनेला मिळते, म्हणजे वेरूळचे पाणी गोदावरीचे. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालणारी वाघूर मात्र तापीला मिळते. दोन्ही जगप्रसिद्ध लेणी आपल्याच जिल्ह्यात, पण दोघांचे पाणी दोन समुद्रांना!

आणखी एक गंमत पाहा. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत. एक विदर्भातून वाहत तापीला मिळते, दुसरी याच डोंगरांत उगम पावून मराठवाड्यातून गोदावरीला मिळते. नकाशा वाचताना विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. दोघींच्या मध्ये अजिंठ्याची रांग आहे हे एकदा ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा उरत नाही.

करमाडचे काय? करमाडच्या शिवारातले ओढे-नाले शेवटी गोदावरीच्याच खोऱ्यात जातात. म्हणजे तुमच्या शाळेच्या छपरावर पडलेला थेंब आणि गौताळ्याच्या दक्षिण उतारावरचा थेंब यांचे घराणे एकच.

डोंगर नव्हे, जिना

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा रस्ता म्हणजे औट्रम घाट, यालाच कन्नड घाटही म्हणतात. घाट उतरताना समोरच्या डोंगराकडे नीट पाहिले तर त्यावर आडवे पट्टे दिसतात. एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. एखाद्या राक्षसासाठी बांधलेला जिनाच जणू. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थही जिन्याची पायरी असाच आहे.

हा जिना कसा झाला? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि दूरवर पसरून थिजला. पुन्हा लाव्हा आला, पहिल्या थरावर दुसरा थर बसला. असे थरावर थर चढत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग सावकाश निवून घट्ट, काळा पाषाण झाला. वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकून राहिले. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच उघडले की बुडबुडे वर येतात, तसाच हा प्रकार. हा खडक भोकाभोकांचा असतो आणि त्या भोकांत पुढे पांढरे खनिज साचलेले दिसते. विहीर खणणारे लोक त्याला 'मांजऱ्या' म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारखा तांबडा थर लागतो, त्याला ते 'गेरू' म्हणतात.

काळा पाषाण कठीण, म्हणून त्याचा कडा उभा राहतो. मांजऱ्या लवकर झिजतो, म्हणून तेथे सपाटी होते. डोंगराचा जिना झाला तो असा.

आता पाण्याच्या दृष्टीने याचा अर्थ पाहू. घट्ट पाषाणात पाणी शिरायला फटींखेरीज वाट नसते. झिजलेला मांजऱ्या मात्र पाणी धरून ठेवतो. त्यामुळे वरून मुरलेले पाणी खाली जाता जाता पाषाणावर अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाऊस थांबल्यावरही काही ओहोळ महिना-महिना वाहतात ते याच पाण्यावर. करमाडच्या शेतातल्या विहिरीतही हाच हिशेब असतो. वर मुरूम आणि मांजऱ्या जाड लागला तर विहिरीला पाणी, आणि पहिल्यापासून काळा पाषाण लागला तर मालकाचे नशीब एखाद्या फटीवर!

याच डोंगरात, अभयारण्याच्या परिसरात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनाच्या पूर्वी झाला. डोंगरातून झिरपणारे पाणी ही तेथील शिल्पकारांचीही अडचण होती. त्यांनी खडकात नाली कोरून पाण्याला वाट काढून दिली आणि बाहेर भिंतीवर नागाचा फणा कोरून त्यातून ते पाणी सोडले. झिरपणारे पाणी थांबत नाही, त्याला वाट द्यावी लागते, हे ज्ञान दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना होते.

तीनशे मीटरचा हिशेब

कन्नड समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे, तर चाळीसगाव सुमारे ३४५ मीटरवर. म्हणजे उत्तरेला जाणारा थेंब पंधरा-वीस किलोमीटरच्या आत जवळजवळ ३०० मीटर खाली येतो, आणि त्यातलाही बराचसा उतार पहिल्या काही किलोमीटरांतच येतो. दक्षिणेच्या थेंबाचे तसे नाही. पैठणच्या नाथसागराची पूर्ण भरल्यावरची पातळी सुमारे ४६४ मीटर आहे. कन्नडपासून तेथवर सरळ रेषेत मोजले तरी सत्तर किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि उतार सुमारे १६५ मीटरांचा. म्हणजे किलोमीटरमागे दोन-अडीच मीटर. एक थेंब घसरगुंडीवरून जातो, दुसरा आगगाडीच्या सावकाश चढ-उतारावरून.

उंचीवरच्या वस्तूत स्थितिज ऊर्जा असते आणि ती वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची इतकी असते, हे तुम्ही नववीत शिकला आहात. आता एक लिटर, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी ३०० मीटर खाली आले तर

१ × ९.८ × ३०० = २,९४० ज्यूल

ऊर्जा मोकळी होते. ती सगळी पाण्याच्याच उष्णतेत बदलली असती, तर पाण्याचे तापमान किती वाढले असते? एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. म्हणजे वाढ फक्त ०.७ अंश. हाताला कळणारही नाही.

पण म्हणून ही ऊर्जा क्षुल्लक समजू नका. एक चौरस किलोमीटर माथ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. त्याचे आकारमान होते एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर. हे सर्व पाणी ३०० मीटर खाली गेले तर सुमारे २,९४,००,००,००,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ ८२ हजार युनिट! आणि हा हिशेब एका चौरस किलोमीटरचा आहे. यातला काही भाग खळाळात आणि उष्णतेत जातो, उरलेला माती उपटतो, दगड लोटतो, किनारे खरवडतो. कडा थोडाथोडा मागे हटतो तो याच ऊर्जेने.

हा हिशेब कागदावरचाच राहत नाही. ३० आणि ३१ ऑगस्ट २०२१ च्या दरम्यान या डोंगरांवर अतिवृष्टी झाली. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन पाणी चाळीसगाव शहरात आणि आसपासच्या गावांत शिरले. माणसे गेली, शेकडो जनावरे वाहून गेली.

आणि याच मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले होते. एकदा पाणी उरावर बसते, एकदा घोटाला मिळत नाही. असे का?

प्रश्न किती पाण्याचा नाही, किती वेळाचा आहे

संभाजीनगर भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हेक्टर जमिनीवर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७० लाख लिटर पाणी. हा आकडा लहान नाही. अडचण अशी की यातला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत पडतो. तो पडताक्षणी वाहून गेला तर पुढचे आठ महिने हात रिकामे. म्हणून पाणी किती पडले याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे: पडलेले पाणी आपल्या शिवारात किती वेळ राहिले?

पाण्याला थांबवण्याचे काम जंगल करते. कसे ते पाहू.

पावसाचा थेंब एक किलोमीटर उंचीवरून पडतो असे मानले आणि हवेचा विरोध विसरलो, तर जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर होईल. बंदुकीच्या छऱ्यासारखा तो अंगात घुसेल! सुदैवाने हवेचा विरोध वेगाबरोबर वाढत जातो. एका ठराविक वेगाला विरोध आणि वजन समान होतात आणि पुढे वेग वाढत नाही. मोठ्या थेंबासाठी हा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. पण एवढ्या वेगानेही उघड्या मातीवर थेंब आदळला की मातीचे बारीक कण उडतात आणि तेच कण मातीच्या छिद्रांत बसून ती बंद करतात. मग पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते.

झाडे ही मारझोड अडवतात असे आपण सहज म्हणतो. पण येथे एक मेख आहे. मोठ्या पानांवर बारीक थेंब गोळा होतात आणि त्यांचा एक मोठा थेंब होऊन खाली पडतो. झाड दहा मीटर उंच असेल तर एवढ्या उंचीवरूनही तो थेंब जवळजवळ अंतिम वेग गाठतो. म्हणजे नुसते उंच झाड असेल आणि खाली जमीन झाडून-लोटून स्वच्छ केलेली असेल, तर मातीला मार बसतोच! खरे रक्षण करतो तो खालचा पालापाचोळा, गवत आणि झुडपे. गौताळ्यात पळस, खैर, अंजन, सालई अशी पानगळीची झाडे आहेत. उन्हाळ्यात ती पाने टाकून आपले पाणी वाचवतात आणि तीच पाने जमिनीवर गादी अंथरतात. आपण ज्याला कचरा म्हणतो ते जंगलाचे छप्पर आहे.

गादीखाली दुसरे काम चालू असते. मुळे कुजून त्यांच्या पोकळ्या उरतात. गांडुळे, मुंग्या, वाळवी माती पोखरतात. या वाटांनी पाणी खाली उतरते आणि झिजलेल्या मांजऱ्या खडकापर्यंत पोहोचते. पुढे त्याचा प्रवास सेकंदाला मीटरने नव्हे, तर दिवसाला काही हातांनी होऊ लागतो. काही तासांत निघून जाणारे पाणी महिन्यांवर येते ते असे.

मात्र जंगल म्हणजे जादूची कांडी नव्हे. स्पंज पूर्ण भिजला की त्यावर ओतलेले पाणी बाहेरच सांडते. तशीच काही तासांत प्रचंड पाऊस झाला तर जंगलातली मातीही भरून जाते आणि पूर येतोच. जंगल नेहमीच्या पावसाचे पाणी मुरवते, माती धरून ठेवते आणि मध्यम पुराचा जोर कमी करते. एवढे काम थोडे नाही.

करून पाहा

जमीन पाणी किती लवकर पिते हे तुम्ही स्वतः मोजू शकता. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. कडा धारदार असतात, म्हणून डबा कापण्याचे काम मोठ्यांकडून करून घ्या. डबा मातीत तीन सेंटिमीटर दाबून बसवा. त्यात एक पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर पाणी हळूच ओता आणि ते पूर्ण मुरायला किती वेळ लागतो हे घड्याळावर पाहा. हाच प्रयोग पुढील जागी करा:

१. शाळेच्या मैदानावर, जेथे रोज पाय पडतात तेथे.
२. लिंबाच्या किंवा वडाच्या झाडाखाली, जेथे पाला पडून राहिला आहे तेथे.
३. नांगरलेल्या शेतात.
४. बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकोरीत.

प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून सरासरी काढा. पहिल्या खेपेस पाणी लवकर मुरेल, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस सावकाश. असे का, याचा विचार करा. स्पंजाचे उदाहरण आठवा.

हा प्रयोग आपल्या गावातच करायचा आहे. अभयारण्यात माती उकरणे, दगड हलवणे, पान तोडणे योग्य नाही. तेथे फक्त डोळ्यांनी पाहा: पायवाटेवर पाण्याने पाडलेल्या चऱ्या आणि त्याच्याच शेजारी पाल्याखालची ओलसर माती.

तळ्याचा जमाखर्च

अभयारण्यात गौताळा तलाव आहे. भोवती डोंगर, काठावर झाडी, पाण्यावर पक्षी. येथे मुक्काम थोडा लांबवा आणि शांत बसून एक गणित करा.

तळ्यात पाणी येते पावसाचे आणि झऱ्यांचे. जाते कोठे? थोडे मुरते, थोडे सांडव्यावरून जाते आणि पुष्कळसे हवेत उडून जाते. भर उन्हाळ्यात, कोरड्या वाऱ्यात, तळ्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला १० मिलिमीटर उतरते असे धरू. बोटाच्या पेराच्या निम्मीसुद्धा नाही! पण तळ्याचा पृष्ठभाग एक हेक्टर असेल, तर रोज एक लाख लिटर पाणी गेले. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर रोज दहा टँकर, आणि तेही कोणी न चोरता.

एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. एक लाख लिटरला लागेल २,४०,००,००,००,००० ज्यूल. मघाचा आकडा आठवतो? एक चौरस किलोमीटरवरचे १०० मिलिमीटर पाणी ३०० मीटर कोसळताना जी ऊर्जा देते, जवळजवळ तेवढीच ऊर्जा सूर्य आणि कोरडा वारा मिळून एका हेक्टरच्या तळ्यावर एका दिवसात मुकाट्याने खर्च करतात. पुराचा आवाज होतो, उन्हाचा होत नाही, एवढाच फरक.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, काठावर गार का वाटते ती. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता पाणी आणि हवा यांच्याकडूनच घेतली जाते. दुसरी, उघड्यावर साठवलेल्या पाण्यापेक्षा जमिनीत मुरलेले पाणी उन्हापासून कितीतरी अधिक सुरक्षित असते. उथळ, पसरट तळे उन्हाळ्यात लवकर आटते, पण खोल विहीर टिकते.

पाण्यावर येणारे पाहुणे

तळ्याच्या काठच्या चिखलाकडे पाहा. तेथे रात्रीच्या पाहुण्यांची हजेरी लागलेली असते. खुरांचे ठसे असतील तर नीलगाय, हरीण किंवा रानडुक्कर, पंजाचे असतील तर मांसाहारी. गौताळ्यात बिबट्या आहे, अस्वल आहे, वानरे आहेत. तुम्हांला यांपैकी वानरेच दिसण्याची शक्यता अधिक. बाकीच्यांना तुमचा वास आणि आवाज आधीच लागलेला असतो. वारा तुमच्याकडून प्राण्याकडे वाहत असेल, तर तुम्ही कितीही हळू चाला, तो निघून जाणारच.

उन्हाळ्यात ओहोळ आटले की सारे प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर येतात. म्हणूनच वनखाते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवरून प्राण्यांची नोंद करीत आले आहे. पौर्णिमाच का? त्या दिवशी चंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूस असतो, म्हणून सूर्य मावळताना तो उगवतो आणि रात्रभर उजेड देतो. पाणी मोजके आणि प्रकाश भरपूर, असा हा वर्षातला मुहूर्त.

वाघाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ साली नवा प्रदेश शोधत निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा होता, त्यामुळे उपग्रहाच्या साहाय्याने त्याचा माग ठेवता आला. शेते, रस्ते, नाले ओलांडत त्याने सुमारे ३,००० किलोमीटर चाल केली आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात, म्हणजे याच अजिंठा रांगेच्या पूर्वेकडच्या भागात, तो येऊन राहिला. पुढे २०२१ मध्ये टिपेश्वरकडचाच दुसरा एक वाघ खुद्द गौताळ्यात स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला. कित्येक वर्षांनी येथे वाघ आला होता. वाघाला जंगल हवे, सावज हवे आणि पाणी हवे. ओढ्याकाठची झाडी त्याला एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायला आडोसा देते. पाण्याची वाट हीच पुष्कळदा जनावराचीही वाट असते.

घाटाखालचे एक घर गणिताचे

घाट उतरून पायथ्याशी गेले की चाळीसगाव तालुक्यातले पाटणादेवीचे देऊळ लागते. येथे डोंगरातून धबधबे कोसळतात. पण आपल्याला तेथे थांबायचे आहे ते दुसऱ्या कारणासाठी. पाटण येथे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला. इसवी सन १२०७ चा हा लेख सांगतो, की थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि त्याला राजाश्रय मिळाला. या जंगलाच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी 'लीलावती' आणि 'सिद्धांतशिरोमणी' शिकवले जात होते!

'लीलावती'त सावलीच्या गणिताचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा आपली एक मीटरची काठी आता बाहेर काढा. सपाट जागी ती उभी धरा आणि तिची सावली मोजा. समजा, ती ०.८ मीटर भरली. त्याच वेळी जवळच्या एका झाडाची सावली ९.६ मीटर भरली. सूर्यकिरण समांतर असल्याने दोन्ही त्रिकोण समरूप आहेत. म्हणून झाडाची उंची ९.६ ÷ ०.८ = १२ मीटर. झाडावर न चढता, त्याला हातही न लावता उंची मिळाली. मात्र जमीन उतरती असेल तर हे उत्तर चुकेल. का, ते आकृती काढून पाहा.

परत येताना

शिक्षकांना एक विनंती. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, बरोबर वनरक्षक किंवा माहीतगार माणूस असावा आणि मुलांचे दहा-दहांचे गट करावेत. प्रत्येक गटाकडे एकच काम द्यावे: एकाने खडकांचे थर पाहावेत, एकाने ठसे, एकाने झाडांच्या उंच्या, एकाने पाण्याच्या वाटा. धबधब्याच्या कड्यावर आणि तळ्याच्या पाण्यात कोणालाही जाऊ देऊ नये. गाणी-वाजपे गाडीत ठेवावीत, जंगलात नकोत.

आणि मित्रहो, करमाडला परतल्यावर वही बंद करू नका. पुढच्या पावसात या प्रश्नांची उत्तरे शोधा:

१. तुमच्या शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. ७०० मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल? ते पाणी सध्या कोठे जाते?

२. पाऊस थांबल्यावर गावातला ओढा किती तास किंवा किती दिवस वाहतो? तारखा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा.

३. शेजारच्या विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याच्या एक तारखेला दोरी सोडून मोजा आणि आलेख काढा. पाऊस आणि पातळी एकाच महिन्यात शिखर गाठतात का?

४. गावच्या शिवारात बांध, गवताचे पट्टे, झाडी कोठे आहे आणि कोठे नाही? जेथे नाही तेथल्या ओघळीचे पाणी गढूळ का असते?

डोंगरावरच्या थेंबाने कोणत्या समुद्राला जावे हे आपल्या हातात नाही, ते जमिनीच्या उताराने ठरते. पण जाण्यापूर्वी त्याने आपल्या शिवारात तासभर थांबावे की सहा महिने, हे बरेचसे आपल्याच हातात आहे.